डोळे मिटून खेळ बघणारी बाई

राजबन नावाच्या गावात तुपाचे एक बडे व्यापारी होते. त्यांचं नाव भागुजीशेठ. पैसाअडका, घरदार, मानमरातब, सगळं होतं. पण शेठचा जीव कशात अडकला होता, सांगा बघू? तुपात? छे! बास्केटबॉलमध्ये! अहो, शेठच्या मालकीचा चक्क एक संघ होता. पगारी खेळाडू, प्रशिक्षक, वर छप्पर असलेलं लाकडी मैदान, सगळं शेठनी हौसेनं उभं केलं होतं. संघाचं नाव होतं ‘राजबनचे गरुड’.

गरुडांचा सामना असला की गावात कुणाचं कामात लक्ष लागत नसे. न्हावी अर्धी दाढी करून गिऱ्हाइकाला म्हणे, “उरलेली सामन्यानंतर!” आणि गिऱ्हाईकही तसंच, गालाला साबण लावून, त्याच्या मागोमाग मैदानाकडे पळत सुटे.

एवढं सगळं होतं, पण गरुड काही उडेनात! दोन वर्षं लागोपाठ संघाचा शेवटचा नंबर आला. तिसऱ्या वर्षी स्पर्धेच्या मंडळानं शेठना तोंडावर सांगून टाकलं, “शेठ, आता पुन्हा शेवटचे आलात तर तुमचा संघ बाद. राजबनची जागा दुसऱ्या गावाला देणार.” म्हणजे खेळाडूंनी आपापल्या घरी जायचं आणि मैदानाला कुलूप लागायचं.  त्या दिवशी शेठना जेवण गेलं नाही.

आता नवे खेळाडू आजवर निवडत कोण होतं? शेठ स्वतः! कुणी उंच दिसला की घेतला. कुणी धावत येऊन बास्केटच्या कडीला लोंबकळला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, की घेतला. एकाला तर केस छान उडतात म्हणून घेतलं होतं. शेवटी शेठनी हात टेकले आणि म्हणाले, “हे आपलं काम नव्हे. खेळाडू हेरणारी अनुभवी माणसं ठेवू. पारखी ठेवू. त्यांनी शोधायचं आणि आपण घ्यायचं.”

विचार उत्तम होता. शेठनी तशी जाहिरात दिली आणि काय सांगू तुम्हाला, कार्यालयाबाहेर ही गर्दी झाली! एक जण म्हणाला, “मी तळवा बघून खेळाडू ओळखतो.” दुसरा म्हणाला, “बुटाचा नंबर सांगा, पुढचं माझ्यावर सोडा.” तिसरा म्हणाला, “पारखायचं काय त्यात? माझा आतेभाऊ फार छान खेळतो.” शेठनी कपाळावर हात मारला. त्या सगळ्या गर्दीतून खरी अनुभवी माणसं निघाली दोनच.

एक होते अच्युतराव. मोठमोठ्या संघांसाठी त्यांनी खेळाडू हेरले होते. बोलणं गोड, कपडे कडक इस्त्रीचे, आणि पारख अशी तेज की खेळाडू कुठल्या पायावर लंगडतो हे त्यांना जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं. दुसऱ्या होत्या फिलोमिनाबाई घोन्साल्विस. वसईकडच्या. तरुणपणी स्वतः खेळलेल्या, नंतर कितीतरी संघांसाठी गावोगावच्या मैदानांवर हिंडलेल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी आणि बोलणं अगदी सरळ.

शेठ म्हणाले, “दोघंही महिनाभर काम करून दाखवा. ज्याचं काम जास्त पटेल, तो माझा मुख्य पारखी.” फिलोमिनाबाई आधीचं काम सोडून आल्या होत्या. त्यांना ही जागा हवीच होती. अच्युतरावांनाही हवी होती.

दुसऱ्या दिवशी दोघं संघाचा सराव बघायला आले. शेठनी दोघांना आपल्या शेजारी गादीवर बसवलं, समोर लाडू ठेवले, आणि दोघांनी अजून चेंडूही बघितला नव्हता तोवर शेठ सुरू झाले, “माझं मत सांगू? आपल्याकडे उंच गडी नाही, म्हणून आपण हरतो. तिकडे पलीकडच्या जिल्ह्यात गजेंद्र म्हणून पोरगा आहे. ताडमाड! हात वर केला की कडीला लागतो! तो आणला की झालं. काय म्हणता?”

“अगदी माझ्या मनातलं बोललात शेठ,” अच्युतराव लाडू उचलत म्हणाले.

 फिलोमिनाबाई गादीवरून उठल्या, पार वरच्या पायरीवर जाऊन एकट्या बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. खाली खेळाडू पळताहेत, चेंडू आदळतोय, आणि बाई आपल्या डोळे मिटून बसलेल्या! प्रशिक्षकांना हसू आवरेना. शेठ मात्र तापले. तिथूनच म्हणाले, “बाई, झोपलात की काय? खेळ बघायला ठेवलंय तुम्हाला!”

“झोपले नाही शेठ. ऐकतेय.”

“काय ऐकताय?”

“बूट ऐकू येतात. चेंडू ऐकू येतो. पण माणसं ऐकू येत नाहीत. का हो?”

शेठची छाती अभिमानानं फुगली. म्हणाले, “तो माझा नियम आहे! मैदानात एकानं तोंड उघडायचं नाही. तीन वर्षांपूर्वी एक मोठे पाहुणे सामना बघायला आले होते. आपली पोरं एकमेकांना हाका मारत, ओरडत खेळत होती. पाहुणे हसून मला म्हणाले, ‘शेठ, हा खेळ आहे की आठवडी बाजार?’ मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! त्या दिवसापासून आरडाओरडा बंद. आमचा संघ शिस्तीचा आहे. माझ्या गोदामातसुद्धा कुणी मोठ्यानं बोलत नाही.”

“असं होय,” बाई म्हणाल्या.  अच्युतरावांनी मान डोलावली आणि दुसरा लाडू घेतला.

मग बाई रोज यायला लागल्या. त्या कुठेही बसत. कधी कडीच्या मागे, कधी बाकड्याच्या टोकाला. त्या बाकड्यावर रंगनाथ म्हेत्रे नावाचा एक खेळाडू कायम बसलेला असे. धिप्पाड नव्हता, कडीला लोंबकळणारा नव्हता. शेठनी त्याला कधीचाच खेळातून काढून बाकड्यावर बसवलं होतं. आणि गंमत म्हणजे हा रंगनाथ सराव बघताना टॉवेलचं टोक दातांत घट्ट धरून बसायचा.

बाईंनी विचारलं, “दात दुखतात का रे बाबा?”

रंगनाथनं टॉवेल काढला. “नाही बाई. ओरडायची सवय आहे मला. मागनं कोण येतंय, कोण सुटलाय, दिसलं की तोंडातून निघून जातं. शेठनी दोनदा पकडलं. म्हणाले, तिसऱ्यांदा ओरडलास तर संघातून नाव कट. म्हणून हे तोंडात.” एवढ्यात मैदानात काहीतरी घडलं. त्यानं झटकन टॉवेल पुन्हा तोंडात कोंबला आणि त्याचे डोळे एवढे मोठे झाले! पुढच्याच क्षणी आपले दोन गडी एकमेकांवर धाडकन आदळून खाली पडले. रंगनाथला ते आधीच दिसलं होतं. बाईंनी ते नीट बघून ठेवलं.

महिना संपला. मोसमाचा एकच सामना उरला होता, आणि तोही कुणाशी? गरुडांच्या बरोबरीनं तळाला असलेल्या नदीपारच्या संघाशी! जो हरेल तो शेवटचा. जो शेवटचा तो बाद. गावात दुसरा विषयच नव्हता. शेठनी दोघा पारख्यांना कार्यालयात बोलावलं. अच्युतराव गजेंद्रला सोबतच घेऊन आले होते. तो बिचारा दारातून वाकून आत आला.

शेठ खूश होऊन म्हणाले, “वा! वा! आणि बाई, तुम्ही कोण आणलाय?”

“कुणीच नाही शेठ.”

“कुणीच नाही? मग महिनाभर केलंत काय?”

“शोधलं. तुम्हाला नवा खेळाडू नकोच आहे. हवा तो तुमच्याच बाकड्यावर बसलाय, तोंडात टॉवेल धरून. रंगनाथला खेळवा. आणि तुमचा तो नियम काढून टाका.”

 शेठचा चेहरा लालेलाल झाला. पण बाई थांबल्या नाहीत. “शेठ, या खेळात समोरचा एक गडी गुपचूप येतो आणि आपल्या गड्याच्या पाठीशी उभा राहतो. आपला गडी मागे सरकतो, त्याच्यावर आदळून अडकतो आणि तेवढ्यात चेंडूवाला निसटतो. पाठीला काही डोळे नसतात. मागचं ज्याला दिसतं त्यानं ओरडून सांगायचं असतं. सगळे संघ ओरडतात. तुमची पोरं तोंड मिटून एकेकटी खेळतात. उंच माणूस आणलात तर तोही एकटाच पडेल. पोरं नाही हरत शेठ. नियम हरतोय.”

“माझा नियम?” शेठ कडाडले. “म्हणजे संघ मी बुडवला?”

“हो,” बाई म्हणाल्या.

हो! नुसतं हो! अहो, राजबनात आजवर शेठना कुणी असं म्हटलं नव्हतं. शेठ अच्युतरावांकडे वळले. “तुम्ही सांगा, अच्युतराव! एवढा अनुभव आहे तुमचा. नियमात काही चूक आहे?”

अच्युतरावांनी एकदा बाईंकडे बघितलं, एकदा शेठच्या लाल चेहऱ्याकडे बघितलं आणि ते गोड हसले. “छे छे, शेठ! शिस्त ही हवीच.”

“ऐकलंत? बाई, तुमचं काम संपलं. उद्यापासून येऊ नका.”

फिलोमिनाबाईंना वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. त्यांनी झोळी खांद्याला लावली आणि म्हणाल्या, “कामाला नाही येणार. पण उद्याचा सामना बघायला येईन. पोरांमध्ये जीव गुंतलाय.” आणि त्या गेल्या.

दुसरा दिवस उजाडला. मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती! शेठ पहिल्या रांगेत, शेजारी अच्युतराव. बाई पार मागे, लोकांच्या गर्दीत. पंचांनी चेंडू वर उडवला, गजेंद्रनं हात उंचावून तो अलगद टोलवला आणि सगळं राजबन बाकांवर उभं राहिलं! पहिली बास्केट गजेंद्रचीच! शेठनी अच्युतरावांच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चष्मा खाली आला.

पण त्यानंतर काय झालं? नदीपारची पोरं एकमेकांना ओरडून सांगायला लागली. “डावीकडे ये! मागे सर! मी आहे, तू जा!” नुसता कल्ला! आणि आपले गरुड चिडीचूप. गजेंद्र मागे सरकला आणि पाठीशी उभ्या असलेल्या गड्यावर धडकला. बास्केट! कॅप्टन वळला तो आपल्याच गड्यावर आदळला. बास्केट! एकदा तर आपले तिघे एकाच चेंडूसाठी धावले आणि चेंडू तिघांच्या मधून निघून गेला. बास्केट! बाकड्यावर रंगनाथनं टॉवेल एवढा चावला होता की त्याचा धागा धागा सुटत आला. बघता बघता गरुड वीस गुणांनी मागे पडले. बायामाणसांनी पदर तोंडाला लावले.

मध्यंतर जवळ आलं होतं. चेंडू उडून कडीवर आपटला आणि वर उसळला. गजेंद्र खाली उभा होता, हात वर करून. त्याला दिसत नव्हतं, पण त्याच्या पाठीमागून नदीपारचा एक गडी उडी मारायला धावत येत होता. आणि शेठना ते दिसलं! पहिल्या रांगेतून अगदी स्पष्ट दिसलं! शेठ ताडकन उभे राहिले. मांडीवरचं उपरणं खाली पडलं. आणि त्यांच्या तोंडून, अहो त्यांच्याच तोंडून, अशी काही आरोळी निघाली की छपरावरची कबुतरं उडाली!

“गजेंद्र! मागे बघ रे मागे!”

गजेंद्र गर्रकन वळला. त्यानं पाठ रुंद करून धावत येणाऱ्याला अडवलं, उडी घेतली आणि चेंडू दोन्ही हातांनी पकडला! कित्येक महिन्यांत गरुडांना असा चेंडू मिळाला नव्हता. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग एकेक जण गप्प झाला. सगळे शेठकडे बघायला लागले. खेळाडू बघायला लागले. प्रशिक्षक बघायला लागले. शेठ तसेच उभे होते, तोंड उघडं ठेवून.

काय झालं ते त्यांना कळलं. नियम त्यांनीच केला होता आणि त्यांनीच मोडला होता. का मोडला? कारण दिसल्यावर गप्प बसवलं नाही! आपलं माणूस संकटात दिसलं की तोंड उघडणारच. आणि ते उघडलं म्हणून तर चेंडू मिळाला.

मध्यंतराची शिट्टी झाली. शेठ पायऱ्या चढायला लागले. लोकांनी वाट करून दिली. गुडघे दुखत होते, धाप लागली होती, पण ते थेट मागच्या रांगेत फिलोमिनाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. सगळ्या गावादेखत हात जोडून म्हणाले, “बाई, चुकलं माझं. तुम्ही खरं बोललात आणि मी तुम्हाला हाकललं. आता काय करू, सांगा.”

“माझ्याशी बोलण्यात वेळ घालवू नका शेठ,” बाई उठून उभ्या राहत म्हणाल्या, “खाली चला. पोरांना सांगा!”

दोघं धावतच खाली आले. शेठ बाकड्यासमोर उभे राहून म्हणाले, “रंगनाथ, फेक तो टॉवेल! मैदानात जा आणि दिसेल ते सगळं बोल. घसा बसेपर्यंत ओरड! सगळ्यांनीच ओरडा रे! आठवडी बाजार म्हणाले तर म्हणू देत!”

आणि मग जे झालं ना! रंगनाथचा आवाज म्हणजे अहो, ढोलच! “कॅप्टन, उजवीकडे अडव! गजेंद्र, मागे आहे एक, सरकू नकोस! सुटला, सुटला, मी धरतो, तू कडीखाली जा!” पहिली दोन-चार मिनिटं बाकीची पोरं बिचकत होती. इतकी वर्षं मिटलेली तोंडं एकदम कशी उघडणार? मग कॅप्टननं एक हाक दिली. मग गजेंद्रनं दिली, आणि त्याचा आवाज एवढ्या मोठ्या देहाच्या मानानं इतका बारीक निघाला की सगळे हसले, तोही हसला. हसता हसता त्यांचा संघ झाला. नदीपारचे गडी गुपचूप मागे येत, आणि लगेच तीन आवाज उठत, “मागे!” चेंडू अडायला लागले. नदीपारच्यांच्या हातातून सुटायला लागले. वीसचे पंधरा झाले, पंधराचे सात झाले, सातचा एक झाला!

शेवटची काही सेकंदं. एका गुणानं आपण मागे. चेंडू नदीपारच्यांकडे. त्यांचा सगळ्यात चपळ गडी कॅप्टनला चकवून निघाला. रंगनाथ जिवाच्या आकांतानं ओरडला, “डावीकडून आला! गजेंद्र, तुझा!” गजेंद्रनं वळूनही बघितलं नाही. नुसतं ऐकून डावा हात लांब केला आणि चेंडू फाटकन त्याच्या पंजावर आदळून उडाला! तो रंगनाथच्या हातात पडला. “कॅप्टन, पळ!” रंगनाथनं लांबूनच फेकला, कॅप्टननं धावता धावता झेलला, उडी घेतली...

बास्केट! आणि शिट्टी!

मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी! न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडला. प्रशिक्षक रडत होते. शेठही रडत होते आणि रडता रडता नाचत होते. संघ राहिला. राजबनचा संघ राहिला!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी कार्यालयात फिलोमिनाबाईंना मुख्य पारख्याच्या खुर्चीत बसवलं. अच्युतराव आपलं सामान बांधून निरोप घ्यायला आले. शेठ म्हणाले, “जाऊ नका. गजेंद्र तुम्हीच आणलात आणि तो चांगलाच निघाला. पण मला एक सांगा, अच्युतराव. बाईंना दिसलं ते तुम्हाला कसं दिसलं नाही?”

अच्युतरावांनी हातातलं सामान खाली ठेवलं. मग म्हणाले, “दिसलं होतं शेठ. पहिल्याच दिवशी दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही आधी स्वतःचं मत सांगितलंत आणि मग माझी मान हलण्याची वाट बघितलीत. मी ती हलवली. इतकी वर्षं मी हेच करत आलोय. जो मालक भेटतो त्याच्या मनातलं बोलतो. त्यात माझीही चूक आहे. कालच्या त्या पोराच्या तोंडात निदान टॉवेल तरी होता. माझ्या तोंडात काहीच नव्हतं.”

 हे शेठना मंडळाच्या धमकीपेक्षाही जास्त लागलं. एवढा जाणता माणूस महिनाभर शेजारी बसला होता, आणि आपण त्याच्याकडून फक्त होकार घेतला! त्यांनी उठून स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं, खुर्ची ओढून अच्युतरावांच्या समोर बसले आणि म्हणाले, “आज मी एक अक्षर बोलणार नाही. तुम्हाला आणखी काय काय दिसलंय, सगळं सांगा.”

अच्युतरावांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. अच्युतरावांनी घसा खाकरला आणि ते बोलायला लागले. घरून शेठचा डबा आला, गार झाला, परत गेला, तरी अच्युतराव बोलतच होते.

तात्पर्य: जाणती माणसं कामाला ठेवली म्हणजे आपलं काम संपत नाही, त्यांना खरं बोलता यावं आणि आपल्याला ते ऐकता यावं. नाहीतर त्यांचा अनुभव त्यांच्यापाशीच राहतो आणि आपल्याला मिळतात त्या नुसत्या हलणाऱ्या माना.